काळीची गव्हाण

"वासरू अशक्त दिसलं, की आधी त्याच्या आईच्या गव्हाणीत हात घालायचा, सूनबाई. औषधाची बाटली मग." सासरे जाऊन वर्ष उलटलं होतं, तरी गोठ्याच्या दारात पाऊल टाकलं की हा आवाज थोरल्या सुनेच्या कानाशी यायचाच.

आज तो जरा जास्तच स्पष्ट आला. काळ्या गाईचा गोऱ्हा समोर उभा होता. डोळे तरतरीत, पण मागच्या मांड्या म्हणजे भिंतीला टेकवून ठेवलेल्या दोन काठ्या. धाकट्या दिराने व्यापाऱ्याला निरोपही धाडला होता, की आठवडाअखेर या आणि घेऊन जा. सासऱ्यांनी हाताने वाढवलेल्या गाईचं हे शेवटचं वासरू. ते दारातून जाणार हे तिला कालपासून पटत नव्हतं.

तिने काळीच्या गव्हाणीत हात घातला. नुसता कोरडा कडबा. पेंडीचा कण नाही, हिरवी काडी नाही.

"भाऊजी, काळीला पेंड कोण घालतं?"

"कुणीच नाही," दीर बादल्या विसळत म्हणाला. "आपला नियम ठाऊक आहे की तुम्हाला, वहिनी. जेवढं दूध बादलीत, तेवढी पेंड गव्हाणीत. काळी बादलीत थेंब देत नाही. आटलेल्या गाईंच्या रांगेत बांधलीय तिला."

"अहो, आटली कुठे? सगळं दूध वासराला पाजतेय ना ती!"

दिराचा हात बादलीतच राहिला. "अरेच्चा! हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

दुपारी गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी गोऱ्ह्याच्या मांड्या चाचपून पाहिल्या. "हाडं चांगली आहेत. मांस धरायचं वय हेच. आई खाईल ते दुधातून याच्या अंगी लागतं. पुढे कितीही चारलं तरी चरबी चढेल, असं घट्ट मांस भरणं अवघड."

"म्हणजे वेळ गेली?" तिने विचारलं.

"थोडी गेली. पण पितोय ना अजून? मग आईला पोटभर घाला."

डॉक्टरांची गाडी वळली तसा दीर म्हणाला, "व्यापाऱ्याला थांबवतो, वहिनी. पण दूध तुटेपर्यंतच. तोवर अंग धरलं तर राहील, नाहीतर जाईल. आणि काळीकडे तुम्ही बघायचं. माझ्या हिशेबाचा प्रताप पाहिलातच."

"बघेन. तिच्या गव्हाणीत पेंड पडल्याशिवाय मी चहाचा घोट घेणार नाही."

"चहाशिवाय तुम्ही?" तो हसला. "मग सकाळी आम्ही घरात कुणी तोंड उघडायचं नाही, एवढंच ना?"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता धाकट्या जावेने हाक मारली, "जाऊबाई, चहा ओतलाय हो, निवेल."

थोरलीने कपावर बशी झाकली. भिजवलेल्या पेंडीची बादली एका हातात घेतली, हिरव्या चाऱ्याची पेंढी काखेत मारली, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि मागचं दार आवाज न करता ओढून ती गोठ्याकडे निघाली.