पुडीत गेलेला पॅसिव्ह व्हॉइस

जिऱ्याची पुडी बांधायला कागद उचलला आणि त्यावर माझंच अक्षर दिसलं. माझ्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकाचं पान! रविवारी माझी तलाठ्याची परीक्षा, आणि दर वेळी मी ज्या दोन धड्यांत आपटते, ते भविष्यकाळ आणि पॅसिव्ह व्हॉइसच नेमके फाडलेले, गल्ल्याशेजारच्या रद्दीत पडले होते.

आर्वीतल्या आमच्या किराणा दुकानात छापील कागद म्हणजे पुडीचाच कागद. वर्तमानपत्र असो की लग्नपत्रिका, कशालाच माफी नाही.

"आई, माह्यं पुस्तक फाडलं तुमी?" मी ओरडलेच.

"मले काय मालूम?" सासूबाई म्हणाल्या. "रद्दीवर होतं, त फाडलं."

"एवढी काऊन तापून राह्यली?" सासरे महादेवराव गल्ल्यावरून म्हणाले. "दुसरं आनून देऊ."

दुसऱ्यात माझ्या खुणा कुठून येणार? दोन महिने दुपारची झोप मोडून केलेल्या खुणा त्या! अर्धी पानं तर हळद-मोहरी घेऊन गावभर गेलीसुद्धा. आणि मुळात पुस्तक माझ्या कपाटात, साड्यांखाली असायचं. ते रद्दीवर आलंच कसं?

नवरा, भूपेंद्र, मान खाली घालून साखर तोलत होता.

"अहो, तुमी काढलं?"

"हो," तो शांतपणे म्हणाला. "नोकरी लागली त तू जाशीन कुठंतरी लांबच्या गावी. दुकान कोन पाहीन? आईच्यानं आता होत नाई."

"मंग फॉर्म काऊन भरू देला?"

"फॉर्म भर म्हटलंतं. पास होजो, असं थोडी म्हटलंतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून बांधलेल्या सगळ्या पुड्या मी सोडल्या. जिरं, ओवा, बडीशेप, सगळं काउंटरवर ओतलं आणि पानं झटकून एकावर एक लावली.

"गिऱ्हाईक उभं हाये," सासरे म्हणाले.

"राहू द्या."

दुकानात राबल्या तरी गल्ल्यामागच्या गादीवर आमच्या घरच्या बायका कधी बसल्या नव्हत्या. मी सासऱ्यांशेजारी जाऊन बसले आणि मोठमोठ्यानं इंग्रजी वाक्यं वाचायला लागले. उच्चार चुकत होते. चुकू देत!

"लोकं पाहून राह्यले," भूपेंद्र दातओठ खात म्हणाला.

"पाहू द्या. रविवारपर्यंत अठीच बसून वाचतो. अन् पास झाली त लांबातलं लांब गाव मी सोता मांगून घेईन."

सासूबाई खाली सांडलेलं जिरं वेचायला बसल्या. मी पुढचं पान घेतलं.