भिंतीतली जाळी

घर तापवणारा बॉयलर तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा आमची सान्वी अकरा आठवड्यांची होती आणि बाहेर उणे सात. माझा नवरा अंशुमन आधी ब्रिस्टलला विमानांचे पंख डिझाइन करायचा, आता इथे स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये पवनचक्क्यांचं काम बघतो. त्यामुळे लाल बटण दाबून बॉयलर पेटवायचा हक्क आपलाच, असं त्याला वाटे. दोनदा पेटवलाही. तिसऱ्यांदा मी त्याचा हात धरला. "पंखवाले, पुरे आता. त्यातलं शिकलेलं कुणीतरी शोधू."

शोधणं किती कठीण, ते तेव्हा कळलं. नोंदणी झालेल्या मेकॅनिकांच्या यादीतला सगळ्यात जवळचा माणूस ऐंशी मैलांवर. दुसरा फक्त गॅसचे बॉयलर बघणारा, आणि आमच्या गावात गॅसची लाइनच नाही. शेवटी दुकानातल्या बाईंनी इशबेल मॅकरेचा नंबर दिला. तेलाच्या बॉयलरसाठी नोंदणी असलेली या किनाऱ्यावरची ती एकटीच. फोनवर तिने आधी बाळ केवढं आहे ते विचारलं, मग बटणाला कुणी हात लावू नका म्हणाली आणि दोन दिवसांनी येते म्हणाली. ते दोन दिवस आम्ही एका उसन्या हीटरसमोर, सान्वीला आळीपाळीने छातीशी धरून काढले.

इशबेल साठीची, ठेंगणी. बूट दारात काढून आत आली. आता स्वयंपाकघरातला बॉयलर उघडेल, असं मला वाटलं, तर तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा तिथल्या भिंतीवरून हात फिरवत राहिली आणि सान्वीचे लंगोट बदलायच्या टेबलापाशी थांबली. हे सरकवू का, म्हणाली.

मागे जाळी होती. मीच बुजवलेली. सान्वी घरी आली त्याच दिवशी, तिला वारा लागू नये म्हणून दोन सुती ओढण्या कोंबून वर टेप मारली होती. व्हिडिओ कॉलवर आईची शाबासकीही मिळवली होती.

इशबेलने ओढण्या उपसल्या आणि मग बॉयलर उघडला. आत बोटभर काजळी.

"ज्वाळेला हवा लागते," ती म्हणाली. "बाहेरची मिळाली नाही की खोलीतली खाते, आणि वास न येणारं विष सोडते. बाळ दुपारी इथेच झोपतं?"

"रोज," मी म्हटलं.

"मग बॉयलर बंद पडला ते बरंच झालं. हवा कमी पडली की त्याने विझायचंच असतं, तेच तो करत होता."

अंशुमन त्या लाल बटणाकडे बघत राहिला.

दोन तास ती गुडघ्यांवर होती. काजळी खरवडली, तेल फवारणारं नोझल बदललं, विषारी वायूचा अलार्म बसवला. धूर मोजायच्या यंत्रावर मनासारखा आकडा येईपर्यंत उठली नाही. मग मला खाली बसवून छोट्या काचेतून ज्वाळा दाखवली. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी, पण किती एकाग्र! माझा हात तिने जाळीसमोर धरला. बाहेरचा गार वारा माझ्या मनगटावरून त्या ज्वाळेकडे निघाला होता. मला सान्वीचा पहिला श्वास आठवला.

इशबेल गेली. अंशुमनने टेबल उचलून समोरच्या भिंतीला लावलं आणि परत येऊन जाळीपाशी वाकला.

"थंडी येतेय गं इथून."

"येऊ दे," मी म्हटलं.

मागे खोल्या तापवणारे रेडिएटर टकटक करत गरम व्हायला लागले होते.