सनईचं खोकं

यज्ञेश्वरांनी आंघोळ केली नाही त्याला आज अकरावा दिवस होता. कुसुमताईंनी मुलीला फोनवर चारच दिवस सांगितले होते. धुण्याभांड्याला येणाऱ्या शालूला काही सांगावंच लागलं नव्हतं. यज्ञेश्वरांच्या खोलीत केर काढायला गेली की ती आपणहून खिडकी उघडायची.

सगळं सुरू झालं ते त्या खोक्यापासून. पंधरा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी प्रियदर्शनी कंपनीच्या कामासाठी पहिल्यांदा परदेशी गेली, तेव्हा येताना तिने बाबांसाठी ते आणलं होतं. काळं, लांबट, समोर जाळी आणि वर एक खाच. त्या खाचेत एक छोटंसं गाण्याचं यंत्र उभं केलं की निळा दिवा लागायचा आणि आवाज घरभर व्हायचा. प्रियदर्शनी त्याला डॉक म्हणायची. कुसुमताई म्हणायच्या सनईचं खोकं, कारण यज्ञेश्वर रोज सकाळी साडेसहाला त्यावर सनई लावायचे. दुसरं काही त्यांनी त्यावर फारसं लावलंच नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून जायला लागली. आधी माणसांची नावं, मग वार, मग शनिवार पेठेतल्या स्वतःच्या घराचा मजला. सनई लावायचं काम तेव्हापासून कुसुमताईंकडे आलं. पण ती लागली की ते उठायचे, पंचा खांद्यावर टाकायचे आणि न्हाणीघराकडे चालू लागायचे. कुणी सांगावं लागत नसे. डोकं विसरलं तरी पाय विसरले नव्हते.

मग एक दिवस ते छोटं यंत्र फुगलं. आतली बॅटरी सुजून त्याची काच वर आली. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने त्याला हातही लावला नाही. "आजी, हे बाल्कनीत ठेवा, घरात नको," एवढंच म्हणाला.

कुसुमताईंनी तीच सनई स्वतःच्या फोनवर लावून बघितली. यज्ञेश्वर पडल्यापडल्या खोक्याकडे बघत राहिले. दिवा नाही, म्हणजे अजून उजाडलेलं नाही. प्रियदर्शनीने खराडीहून बिनवायरचा एक गोल स्पीकर पाठवला. तो त्यांनी हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "कुणाचा आहे? ज्याचा त्याला देऊन टाका. लोकांच्या वस्तू घरात नकोत."

पाचव्या दिवशी कुसुमताईंनी त्यांना हाताला धरून उठवायला घेतलं. यज्ञेश्वरांनी त्यांचं मनगट असं पिळलं की चार बोटं निळी उमटली. त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मुलीने विचारलं, "आई, हात का लपवतेयस? दाखव." दुसऱ्या दिवशी तिने बाबांना ठेवायला तळेगावच्या बाजूचं एक ठिकाण शोधून काढलं.

"चांगलं आहे गं. अशा माणसांसाठीच आहे."

"अशा म्हणजे कशा?" कुसुमताईंनी विचारलं.

"आई, शब्दांत पकडू नकोस मला."

"बरं. आणि आंघोळ सुरू झाली तर? पहिल्यासारखे स्वतः उठले तर?"

प्रियदर्शनीने कॅलेंडर पाहिलं. "पुढच्या रविवारी मी येते. तोवर उठले तर राहू देत घरी. नाहीतर माझं ऐकायचं."

मुलगी दुष्ट नव्हती. जुनं खोकं आणि नवा फोन जोडणारा एक तुकडाही तिनेच शोधून मागवला. तो खाचेत बसला, त्याच्यावर फोन बसला, आणि खोक्याचा निळा दिवा लागला. यज्ञेश्वर कोपरावर उठले. कुसुमताईंनी सनई लावली. ती खोक्यातून आलीच नाही. फोनच्याच बुडातून पिपाणीसारखी वाजायला लागली. यज्ञेश्वरांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि भिंतीकडे तोंड करून परत आडवे झाले. फोन मात्र छान चार्ज होत होता.

त्या गुरुवारी, अकराव्या दिवशी, शालूला घरी बसवून कुसुमताई खोकं पिशवीत घालून विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेल्या.

दुकानदार साठीचा होता. त्याने चष्म्यावरून आधी खोक्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "काकू, हे संग्रहालयात द्यायचं."

"देईन. आधी वाजतं करून द्या."

"फोन चार्ज होतोय ना यावर?"

"चार्ज करायला मी इथवर कशाला येऊ? घरात भिंतीला प्लग आहेत."

तो किंचित हसला आणि खोकं पुढ्यात ओढलं. "हे बघा. हा तुकडा नुसती वीज नेतो, गाणं नेत नाही. खोकं ज्या यंत्रासाठी केलं त्याचंच ऐकतं. तुमच्या फोनशी त्याची ओळख नाही." मग त्याने खोकं फिरवलं आणि मागचं एक बारीक गोल भोक दाखवलं. "इथून वायर घातली तर दिवाही लागेल आणि खोकं कुणाचंही ऐकेल. पण तुमच्या फोनला तसलं भोकच नाही. कंपन्यांनी बंद केलं."

"का बरं?"

"मला विचारून नाही केलं."

शेवटी त्याने फोनच्या खालच्या तोंडात बसणारी एक शेपटी दिली आणि तिला जोडायला हातभर वायर.

परत येताना पिशवीचं ओझं एका हातातून दुसऱ्या हातात घेत कुसुमताईंना जुनं घर आठवलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरात एक मोठा रेडिओ होता, आणि तो तापेपर्यंत सगळे त्याच्याकडे बघत थांबत. पुढे टेप आला. यज्ञेश्वरांनी तो त्या रेडिओलाच जोडला, दोन तारा डाग देऊन. ते टेलिफोन खात्यात होते. शेकडो तारांची जाडजूड केबल रस्त्याच्या खड्ड्यात बसून नुसत्या रंगांवरून लावायचे. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. घरात काही बंद पडलं की कुसुमताई त्यांच्यापुढे ठेवायच्या आणि स्वयंपाकाला लागायच्या. एका तरी तारेचं नाव विचारायला हवं होतं, असं त्यांना आज वाटलं.

शुक्रवारी साडेसहाला निळा दिवा लागला आणि सनई खोक्यातून आली. तीच, भारदस्त, भिंतींना लागून परत येणारी. यज्ञेश्वरांनी डोळे उघडले. पाय जमिनीवर टेकवले. खुर्चीवरचा पंचा घेऊन खांद्यावर टाकला. कुसुमताई दाराआड उभ्या होत्या. ते चालत आले, त्यांच्याकडे न बघता पुढे गेले, आणि न्हाणीघराच्या दाराशी उभे राहून शर्टाची बटणं काढू लागले. कुसुमताईंनी घाईघाईने बादलीत गरम पाणी सोडलं. एक बटण निघालं. दुसरं निघालं.

सनई तुटली. सगळं घर घणघणायला लागलं.

फोन वाजत होता, आणि तो खोक्यातून वाजत होता. कुसुमताई धावल्या. ओल्या बोटाने काच सरकवली आणि फोन कानाला लावला. वायर ताणली गेली. कानात काहीच ऐकू येईना.

"आई, ऐक," खोक्यातून प्रियदर्शनीचा आवाज आला.

"हॅलो? हॅलो?"

"मला ऐकू येतंय, तू नुसती ऐक." आवाज सनईएवढाच मोठा होता. "तळेगावचा मेसेज आलाय. सोमवारपासून खोली रिकामी आहे. आठच्या आत हो नाही म्हटलं तर दुसऱ्यांना देतील. रविवारपर्यंत थांबता येणार नाही. मी हो म्हणतेय."

कुसुमताई फोनच्या कडेचं बटण दाबत होत्या. आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

"बाबांना आधी सांगायचं नाही, असं तिथल्या बाई म्हणाल्या. डॉक्टरकडे जाऊ म्हणून गाडीत बसवायचं. आणि पहिले तीन आठवडे आपण भेटायला जायचं नाही, म्हणजे ते रुळतात. आई, मला हे सोपं नाहीये. पण उद्या त्यांनी तुझा हात मोडला तर मी खराडीहून कधी पोचणार?"

यज्ञेश्वर खोलीच्या मध्यावर येऊन उभे होते. पंचा खांद्यावर, शर्ट अर्धा उघडा, मान एका बाजूला कललेली. कामावरचा हा त्यांचा चेहरा कुसुमताईंनी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

"कुसुम, बोलू नकोस," ते हळू म्हणाले. चार महिन्यांनी त्यांनी नाव घेतलं होतं. "क्रॉस कनेक्शन आहे."

पूर्वी तारा एकमेकींत गुंतायच्या आणि भलत्याच घरातलं बोलणं कानावर पडायचं. लोक मजेने ऐकत बसायचे. यज्ञेश्वरांना ते खपत नसे. तार तपासताना कानी आलेला एक शब्दही त्यांनी कधी घरी सांगितला नव्हता.

"कुणाच्या तरी वडलांचं चाललंय," ते म्हणाले. "नेऊन ठेवणार आहेत बिचाऱ्यांना. डॉक्टरकडे जाऊ असं सांगून."

खोक्यातून घाबरलेला आवाज आला, "आई? तिथे कोण आहे? बाबा आहेत?"

यज्ञेश्वर जाळीजवळ वाकले. "ताई, मधेच बोलतोय, माफ करा. लाइनवर चुकून ऐकलं. न्यायचं असेल तर न्या, तुमचीही काही अडचण असेल. पण त्यांना सांगून न्या. म्हाताऱ्या माणसाला खोटं सांगून गाडीत घालू नये."

पलीकडून नुसता हुंदका आला, आणि त्या खोक्यातून तो पार शेवटपर्यंत ऐकू आला.

"लाइन खराब आहे," यज्ञेश्वर सरळ उभे राहत म्हणाले. "तक्रार नोंदवायला हवी."

कुसुमताईंनी वायर उपसली. आवाज फोनमध्ये परत आला, एवढासा होऊन. "आई, त्यांना कळलं का गं? मी आठच्या आत काय सांगू त्या लोकांना?"

नाही म्हणायला त्यांची जीभ शिवशिवत होती. ते उठले होते, स्वतःच्या पायांनी दारापर्यंत गेले होते. अट पुरी झाली होती. पण उद्या पुन्हा फोन वाजला तर? परवा खोकंच बंद पडलं तर? मनगट अजून ठणकत होतं, आणि कुसुमताई पंचाहत्तरीच्या होत्या.

"सांग, की आधी ह्यांच्याशी बोलणार आहोत," त्या म्हणाल्या. "तोवर खोली गेली तर जाऊ दे." आणि फोन पालथा ठेवला.

"कोण होती गं ती?" यज्ञेश्वरांनी विचारलं.

माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते तसेच आंघोळीला गेले असते.

"आपली प्रियदर्शनी होती," कुसुमताई म्हणाल्या. "बसा इथे. पाणी राहू दे जरा."

ते पलंगाच्या कडेला बसले. कुसुमताई शेजारी बसल्या आणि त्यांनी सांगितलं. आजाराचं सांगितलं, हात पिळल्याचं सांगितलं, तळेगावचंही सांगितलं. यज्ञेश्वर खाली बघत ऐकत होते. त्यातलं किती आत जातंय, कळत नव्हतं.

"तीन आठवडे म्हणत होती ती," ते शेवटी म्हणाले. "तेवढे दिवस तू काय करशील?"