मारक पेशींना कान नसतात

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर पेशीमहाराज एकेकाच्या बोटाला सुई टोचत, थेंब सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत आणि मागच्या पडद्यावर पेशी दिसल्या की शिट्टी फुंकत. "मारक पेशींनो, डावीकडून हल्ला!" लगेच पांढऱ्या पेशी धावत आणि एका काळपट पेशीचा फडशा पाडत. लोक गहिवरून जात.

मावशी तर डोळे पुसत होती. तिचा जन्म कारखान्याच्या गेटवर कामगारांचे बिल्ले तपासण्यात गेला होता. सोमवारी तिच्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढायची होती आणि ती ऑपरेशन रद्द करायच्या बेतात होती. शिट्टीने भागत असेल तर सुरी कशाला, असं तिचं म्हणणं.

शेजारी बसलेली भाची रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सगळ्यांच्या रक्तात, पडद्याच्या त्याच कोपऱ्यात, तोच वाकडा केस दिसतोय, असं तिने मावशीच्या कानात सांगितलं. मावशी म्हणाली, महाराजांचा असेल.

"महाराजांना टक्कल आहे, मावशी."

प्रयोगशाळेत आधी कोरी काच पाहायची पद्धत. भाचीने व्यासपीठावर जाऊन, थेंब घरूनच आणलाय असं सांगून पिशवीतली कोरी काच पुढे केली. शिट्टी वाजली, पेशी धावल्या, केस जागचा हलला नाही.

"पोरी, तुझ्या रक्तात फार शत्रू होते," महाराज म्हणाले.

"रक्त कुठलं? काच कोरी आहे."

तिने सूक्ष्मदर्शकाची वायर उपटली. पडद्यावरची लढाई चालूच. टेबलाखाली महाराजांचे मेव्हणे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेले सापडले. शिट्टी ऐकून फिल्म लावायचं काम त्यांच्याकडे होतं.

बाहेर पायरीवर मावशीने हिरमुसून विचारलं, मग मारक पेशी नसतातच?

"असतात, तुझ्यातही आहेत. तुझंच काम करतात. प्रत्येक पेशी चाचपतात, शरीराचा बिल्ला दिसला की सहसा हात आवरतात. बिल्ला गायब आणि वर बिघाडाच्या खुणा असल्या, की भोक पाडून आत विष सोडतात. कान मात्र त्यांना नसतात."

"मग माझी गाठ त्यांच्या तावडीतून कशी सुटली?"

"काही बदमाश बिल्ला सांभाळून असतात. काही तर पहारेकऱ्यालाच दमवतात."

कारखान्यात साहेबांचा जावई बिल्ला लावूनच तांब्याची तार पळवायचा, हे मावशीला आठवलं. त्याला गेटवर कुणी अडवलं नव्हतं. शेवटी पोलीस बोलवावे लागले होते.

"सोमवारी किती वाजता जायचंय?" तिने विचारलं. "देवाला हात जोडून निघू. त्याने बुद्धी दिलीय ती वापरायला, शिट्टीमागे धावायला नाही."