पाठमोरा

"दादा, हसू नको. गोंद ओला हाय अजून."

कॉन्रॅडने ओठ मिटले. मेकअपवाला दिनानाथ त्याच्या कपाळावर हिरव्या रबराचा तुकडा दाबून धरत होता. जूचंद्रच्या एका स्टुडिओत सकाळपासून दोघे आरशासमोर बसले होते. आरशात अर्धा चेहरा सांडोर गावच्या कॉन्रॅडचा होता आणि अर्धा परग्रहावरच्या सम्राट झिरकॉनचा.

टेबलावरचा फोन वाजला. कॉन्रॅडच्या हातांत नखांचे मोजे होते, आणि कान रबराखाली गेलेले. दिनानाथनेच फोन स्पीकरवर टाकला.

"कॉन्रॅड सर? मी हर्षवर्धन, दिग्दर्शक आहे. लहानपणी तुमची झाडमाणसाची मालिका बघून मी रडलो होतो."

"त्यात माझं तोंड कुठं दिसत होतं?"

"डोळे दिसत होते ना, सर."

हर्षवर्धन नवी मालिका करत होता. मुलगा मंगळावर जातो, कायमचा. बाप इथेच राहतो, केळीच्या बागेत. त्या बापाच्या कामासाठी त्याला कॉन्रॅडला बघायचं होतं.

"मास्क नाही, सर. तुमचा चेहरा हवाय."

दिनानाथचा हात थांबला. "दादा," तो हळूच म्हणाला, "आज गोंद कमी लावू?"

माणिकपूरच्या एका शाळेत कॉन्रॅड कारकून होता, तेव्हाची गोष्ट. चर्चच्या सणाला गावात नाटक व्हायचं आणि उंच, सडपातळ कॉन्रॅड त्यात हमखास असायचा. एका मालिकेत सरड्याच्या पोशाखात शिरलेला नट पहिल्याच दिवशी गुदमरून पळाला. तो पोशाख मापात बसेल असा माणूस शोधताना कोणीतरी कॉन्रॅडचं नाव सांगितलं. पोशाख बसला, आणि कॉन्रॅड आत टिकला. पुढे तो लोखंडी माणूस झाला, झाडमाणूस झाला, एकदा तर काचेच्या बरणीतला मेंदूही झाला. विज्ञानमालिका म्हटली की कॉन्रॅडला बोलवा, असं नायगावपासून गोरेगावपर्यंत ठरूनच गेलं. शाळेतली नोकरी सुटली. आवाज दुसऱ्याचा असायचा, चेहरा रबराचा. त्याने इन्स्पेक्टरचं काम मागितलं, फादरचं मागितलं, हॉटेलातल्या वेटरचंही मागितलं. "तुझ्यासारखा आत टिकणारा माणूस मिळत नाही रे," असं म्हणून त्याला पुन्हा आत घालत.

पोशाखाची चेन पाठीला असे. ती आतून उघडता यायची नाही. एकदा सेटवरची वीज गेली आणि सगळे चहाला निघून गेले. कॉन्रॅड आत आहे हे कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. सिंहासनावर बसून, काळोखात, तो रोझरीची प्रार्थना म्हणत राहिला. दिनानाथ धावत आला तेव्हा त्याने चेन उघडण्याआधी कॉन्रॅडचा हात धरला होता. त्या दिवसापासून चेनीची जबाबदारी दिनानाथने दुसऱ्या कोणाला दिली नाही.

हर्षवर्धनच्या मालाडच्या ऑफिसात जायचं म्हणून कॉन्रॅडने गुळगुळीत दाढी केली. गोंदाने कातडी जागोजागी खरबरीत झाली होती. रेजिनाने, त्याच्या बायकोने, खोबरेल तेल आणून दिलं आणि लग्नाच्या वाढदिवसाचा शर्ट काढून ठेवला.

"तो बाप पण आपल्यासारखा केळीवालाच ना?" ती म्हणाली. "मग तुला शिकायचंय काय त्यात!"

प्रसंग साधा होता. मंगळावरून मुलाचा निरोप येतो आणि बाप तो ऐकतो. हर्षवर्धनच्या हाताखालच्या संपदाने कॅमेरा लावला, निरोप सुरू केला. "बाबा, इथली माती लाल आहे..."

कॉन्रॅडने ऐकलं. त्याला खरोखर भरून आलं होतं.

"सर, छान. थोडं कमी करू या."

त्याने कमी केलं.

"अजून कमी. काहीच करू नका, सर. नुसतं ऐका."

संपदाने मान खाली घातली होती. हर्षवर्धनने शेवटी कॅमेऱ्याचा पडदा त्याच्याकडे फिरवला. कॉन्रॅडने पाहिलं. भुवया कपाळात चढल्या होत्या, ओठ फाकले होते, जबडा लटलटत होता. मुलाचा निरोप ऐकणारा बाप नव्हताच तो. पोरांना घाबरवणारा कोणीतरी होता. रबराखाली भुवई बोटभर उचलावी तेव्हा बाहेर ती जेमतेम हलते. इतकी वर्षं तो बोटभर उचलत आला होता. आता दुःख मनात पोचायच्या आधीच गाल धावत सुटत होते, आणि त्यांना आवरायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं.

"एकदा पाठमोरा करून बघू?" त्याने विचारलं.

हर्षवर्धनला नाही म्हणवेना. कॉन्रॅड स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला. निरोप पुन्हा सुरू झाला. लाल मातीच्या उल्लेखाशी त्याचा एक खांदा किंचित वर गेला. हात कॉलरपर्यंत आला, ती नीट करावी तसा, आणि तिथेच राहिला. मग पाठीचा कणा हळूहळू खाली बसत गेला, पावसाने भिजलेली भिंत बसावी तसा. निरोप संपला तरी संपदा कॅमेरा बंद करायला विसरली.

"सर..." हर्षवर्धन उठून जवळ आला. "पण अख्खी मालिका पाठमोरी नाही करता येणार मला."

"माहीताय मला."

संपदाने आता कॅमेरा बंद केला.

"सर, राग मानू नका. यानात एक यंत्रमानव आहे. महत्त्वाचं काम आहे. तुमच्याशिवाय..."

"चेन पाठीलाच असेल?"

"हो, बहुतेक."

"तारखा कळवा," कॉन्रॅड म्हणाला.

तो घरी आला. चहा पुढे ठेवून रेजिना समोर बसली.

"माझ्या चेहऱ्याचं तुला ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"तुझ्या आईच्या मयताला तू रडत होतास," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा माझी चुलतबहीण फेलिशिया मागं कुजबुजली, कॉन्रॅड इथंपण नाटक करतो. मी तिच्याशी बोलणंच टाकलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? काम सोडलं असतंस?"

कॉन्रॅड उठला. बाहेर जाऊन नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिला.

बापाचं काम एका नावाजलेल्या नटाला मिळालं. यंत्रमानवाचं चित्रीकरण चालू असतानाच हर्षवर्धन एकदा संकोचत कॉन्रॅडजवळ आला. निरोपाचा तो प्रसंग त्या नटाकडून मनासारखा होत नव्हता. कॉन्रॅडने त्या नटाचा सदरा घातला, आणि केळींकडे तोंड करून तो उभा राहिला. एकाच टेकमध्ये झालं.

मालिका लागली त्या दिवशी शेजारची रिटा बघायला आली. यंत्रमानव आला की ती टाळ्या वाजवायची. मग निरोपाचा प्रसंग सुरू झाला. पडद्यावर केळींची रांग होती आणि एक पाठ. रिटाने पदर डोळ्यांना लावला. रेजिना सरळ बसली होती, हात मांडीवर. मग चित्र बदललं आणि त्या नावाजलेल्या नटाचा चेहरा पडदाभर आला.

"काय काम करतो गं हा माणूस!" रिटा म्हणाली. "नुसत्या पाठीनं रडवलं मला."

रेजिनाचे ओठ उघडले. कॉन्रॅडने तिच्याकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून.

"चांगला नट आहे," तो रिटाला म्हणाला. आणि तिला नीट दिसावं म्हणून त्याने आपली खुर्ची थोडी मागे घेतली.