ओपियोच्या गाडीचं पुढचं चाक

जारेदने इंजिनाखाली लाकडाचा ओंडका सरकवला, मोटारसायकल त्यावर टेकवली आणि पुढच्या चाकाच्या एक्सलवर हातोडा घातला. तीन घावांत एक्सल हललासुद्धा नाही. चौथ्या घावाला तो एकदम सुटला आणि चाक अंगणातल्या लाल मातीत आडवं पडलं. चाक कसलं ते! अर्धं दुमडून गेलं होतं, आणि त्याच्याबरोबर ब्रेकची गोल पोलादी डिस्कही.

पलीकडे आंब्याखाली खुर्च्या मांडायचं काम चाललं होतं. ओपियोला दुपारी शवागारातून घरी आणायचं होतं. जारेद आणि ओपियो भाड्याने गाड्या चालवत त्या स्टँडवरचे सगळे मोटारसायकलवाले हँडलला हिरव्या डहाळ्या बांधून, भोंगे वाजवत बरोबर येणार होते, आणि सगळ्यांच्या पुढे ओपियोचीच गाडी हवी होती. ती ढकलत आणायची नाही, चालवत आणायची. म्हणून जारेदने सकाळीच स्वतःच्या गाडीचं पुढचं चाक डिस्कसकट काढून आणलं होतं. दोघांनी गाड्या एकाच दिवशी घेतल्या होत्या, जुळ्या भावंडांसारख्या.

ओपियोचा थोरला भाऊ सायलस येऊन डोक्याशी उभा राहिला.

"काय सापडलं?"

"अजून बघतोय, दादा."

"नीट बघ. होमा बे गावाकडचा उतार तो डोळे मिटून उतरायचा. समोर उसाचा ट्रॅक्टर दिसतो आणि माणूस थांबत नाही? लोक म्हणतात, प्यायला होता. माझा भाऊ थेंबाला शिवत नव्हता. दोष गाडीत असेल तर सांग. गाडीत नसेल, तर तो घरात आहे." ओपियोची बायको होती त्या स्वयंपाकघराकडे त्याने हनुवटी उडवली. "ही बाई आली आणि पाच वर्षांत या घरातून दोन मयतं निघाली, आधी आईचं, आता याचं. माती झाली की हिला माहेरी धाडतो. पोरी इथंच राहतील."

जारेदने मान खाली घालून पाना उचलला. त्याला स्वतःचीच भीती पुरेशी होती. अपघाताच्या आदल्या गुरुवारी ओपियोचे ब्रेक त्यानेच उघडले होते. नवे पॅड आणि रबर घातले, ब्रेक ऑईल बदललं. आठ दिवस तो एकच गोष्ट घोकत होता: मी काय विसरलो? जेवायला बसला की घास तोंडातच फिरायचा.

सायलस गेल्यावर त्याने डिस्कला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर उघडला. बोल्ट पक्के होते. नळी धड होती. मग त्याने आतले पॅड काढले आणि अंगठा फिरवला. पॅड तेलकट होते. तेलकट पॅड डिस्कला धरत नाहीत, घसरतात. गळलं की काय ब्रेक ऑईल? आपण बसवलेलं रबर फाटलं? त्याने हँडलवरच्या ब्रेक ऑईलच्या डबीचं झाकण उघडून पाहिलं. ऑईल काठोकाठ होतं, थेंबही कमी नव्हता. मग त्याने पॅड नाकाशी नेला.

मासळीचा वास. तळलेल्या मासळीचा.

जारेदचा जीव भांड्यात पडला. आपल्या हातून नाही झालं! तो मटकन मातीत बसला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्याने पोटभर श्वास घेतला.

"भाऊजी, एवढी पेज घ्या."

ओपियोची बायको आकेयो होती. एका हातात वाडगा, दुसरा हात भिंतीला. नवरा गेल्यापासून तिचे पाय तिला पेलत नव्हते. तिने वाडगा ठेवला आणि गाडीकडे बघत राहिली.

"त्या दिवशी किती चकाकत होती! बिशपच्या गाडीपुढे मिरवत जायचं म्हणून मीच पहाटे उठून पुसली. त्या गोल पत्र्यावर गंज धरला होता बघा. कढईतलं तेल लावून घासला, आरसा केला आरसा. हे अंघोळ करून आले आणि बघतच राहिले. म्हणाले, बाई, आता बिशपनाच मागे धावायला लावतो." ती हसायला गेली आणि तिने तोंड खांद्यावरच्या कापडाच्या टोकात दाबलं. "खरं सांगा भाऊजी. ते प्यायले नव्हते. मग गाडी थांबली का नाही?"

जारेदने वाकलेल्या डिस्ककडे पाहिलं: तिचा गोल पत्रा तोच. तिला काहीच ठाऊक नव्हतं! तिने लाडाने पुसली होती गाडी.

तेवढ्यात सायलस परत आला, बरोबर काठी टेकत म्हातारे वडील.

"सांग बाबा आता," म्हातारा म्हणाला. "लोक जमायच्या आत सांग."

जारेदने पॅड मुठीत धरले. मग उठून उभा राहिला.

"गाडीत दोष होता, बाबा. ब्रेकचं ऑईल भरलं की नळीतली हवा काढावी लागते. गुरुवारी मी घाई केली. हवा राहिली आत. ब्रेक लागलाच नसणार. माझ्या हातून झालं."

सायलसने त्याची गचांडी धरली. जारेदने हात वर केला नाही.

"सोड त्याला," म्हातारा म्हणाला. "काय आहे रे मुठीत? बघू."

नाही म्हणायची सोय नव्हती. म्हाताऱ्याने पॅड घेतले, बोटांनी चोळले, नाकाशी नेले. चाळीस वर्षं त्याने सरोवराच्या काठावर मासळीचा व्यापार केला होता.

म्हाताऱ्याने पॅड पुन्हा एकदा नाकाशी नेले. आकेयोकडे त्याने पाहिलं नाही. एकदाही नाही. त्यावरूनच जारेदला कळलं, म्हाताऱ्याने तेल ओळखलं होतं.

"याने चूक केली, कबूल केली. विषय संपला," म्हातारा सायलसला म्हणाला. पॅड त्याने कोटाच्या खिशात टाकले. "सून आणि तिच्या पोरी या घरात राहतील. पुन्हा माहेराचं नाव काढू नकोस." मग तो जारेदकडे वळला. "चाक बसव. पण तू मातीला यायचं नाहीस. यापुढे या अंगणातही नाही."

"हो, बाबा."

म्हातारा वळला. काठी एकदा अडखळली, सायलसने त्याला धरलं.

जारेदने खाली बसून आपल्या गाडीचं चाक फोर्कमध्ये उचललं, एक्सल घातला. आकेयो तशीच उभी होती. तिने वाकून पेजेचा वाडगा उचलला आणि त्याच्या समोर मातीत पालथा केला.

"तुम्ही मारलंत त्यांना," ती म्हणाली. "माझ्या पोरी कळत्या झाल्या की त्यांना सांगेन. तुमचं नाव घेऊन सांगेन."

"सांगा, वहिनी."

ती थुंकली आणि निघाली. भिंतीला हात न लावता अंगण ओलांडून थेट आंब्याखाली गेली. जारेद नट आवळत राहिला. तिकडून तिचा आवाज आला, खणखणीत, घरच्या मालकिणीचा:

"या खुर्च्या उन्हात कुणी मांडल्या रे? उचला आधी! माणसं येतील आता."