मुलिताची तार कोण सोडतं?

मुलिताची तार तिसऱ्यांदा सुटलेली दिसली, तेव्हा मिर्ताबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एकदा सुटली तर योगायोग. तीनदा सुटायला तार काय नाराज नातेवाईक आहे?

मुलिता हा त्यांच्या मुलांचा रोबो. टेबलावरच्या काळ्या पट्टीवरून चालायचं नि वाटेतले डबे उचलायचे, एवढंच त्याचं काम. पट्टी दिसायला पोटाखाली दोन डोळे, त्यातल्या उजव्याची ही तार. मुलं यायच्या आत बाईंनी ती खोचून टाकली. असल्या गोष्टी त्यांच्या हातून आपोआप व्हायच्या. शाळेत त्या विज्ञान शिकवत; रोबोचं मात्र सगळं स्वतःच चाचपडत शिकलेल्या, त्यामुळे त्यांच्या हातांना जरा जास्तच घाई असे.

संशय कुणावर, हे त्यांना विचारावंही लागलं नाही. नावेल नि सिरो त्यांच्याच हाताखाली वाढलेले. तिसरी ब्रिसा तेचेरा मार्चमध्ये आली, तीही नदीकाठच्या त्या बड्या शाळेतून. त्या शाळेचा रोबो गेल्या साली मोंतेविदेओच्या स्पर्धेत भर टेबलावर बंद पडून बसला होता, आणि खोटं कशाला बोला, मिर्ताबाईंना तेव्हा थोडं बरंच वाटलं होतं. आता त्यांचीच पोरगी इकडे. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचावी तसा पेचकस खोचून फिरायची. सगळ्यांच्या आधी यायची. आणि पहिल्याच दिवशी येर्बाच्या कडू चहाचा तुंबा फिरत तिच्यापाशी गेला, तर नळीनं एक घोट ओढून म्हणाली, "आभारी आहे, बाई." तुंब्यावर आभार मानले म्हणजे पुरे, मला परत नको. पंगतीत पहिल्याच वाढपाला पानावर हात आडवा धरावा, तसलं ते. बाईंनी ते मनात ठेवलं होतं.

ज्या क्लबाच्या मागच्या खोलीत त्यांचा सराव चाले, त्याची देखभाल वॉल्तेर म्हातारा करी. पुढच्या अंगणात त्याच्याच वयाचे लोक मातीवर लाकडी गोळे लोळवत बसत. बाईंनी त्याच्यापाशी मन मोकळं केलं. सोमवारी यंदाच्या स्पर्धेसाठी तीन नावं कळवायची होती. ब्रिसाचं काढून सिरोच्या बहिणीचं घालावं, असं जवळजवळ ठरलंच होतं. म्हातारा संत्रं सोलत ऐकत होता.

"पोरगी शिष्ट आहे म्हणून चोर होत नाही, मिर्ता," तो म्हणाला. "तसं असतं तर तुझ्या सासूला जन्मठेप झाली असती. आधी डोळ्यांनी बघ, मग नाव काप."

म्हणून शनिवारी दुपारी, जेवणं आटोपून सालतो गाव आडवं झालेलं असताना, मिर्ताबाई क्लबाच्या स्वयंपाकघरात दार किलकिलं करून बसल्या. जुन्या तळणाच्या तेलाचा वास, पायाला गारठा, आणि आपण या वयात काय करतोय असा एक विचार, तोही त्यांनी दाबला.

ब्रिसा आली. अंबाड्यातून पेचकस काढला, मुलिता उलटा केला, पोटात काहीतरी केलं नि पुन्हा सुलटा ठेवला. बाई उठणार, एवढ्यात नावेल आत आला. त्यानं रस्त्याकडे डोकावून पाहिलं.

"बाई नाहीत ना?"

"नाहीत. सिरोला बोलव."

बाई पुन्हा खाली टेकल्या. नावेलसुद्धा? पट्टी म्हणजे काय हे ज्याला त्यांनी स्वतःच्या खडूनं जमिनीवर आखून दाखवलं होतं, तो नावेल? म्हणजे सगळंच घर फितूर.

मग सिरो भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं आकडे मोजायला लागला आणि नावेल मुलितावर तुटून पडला. चालवून बघितला. रोबो पट्टी सोडून थेट टेबलाच्या कडेला निघाला. नावेलनं शिवी हासडली, चाकं बघितली, बॅटरी बघितली. मग पोटाखाली बोट घालून ओरडला, "डोळे अदलाबदल केलेत! डाव्याची तार उजव्यात! हलकट आहेस तू!"

"पण सापडलं," ब्रिसा म्हणाली. "आता तू कर, सिरो शोधेल."

दार करकरलं. तिघांनी वळून पाहिलं. बाई उभ्या होत्या. लपायला त्यांनाही जागा नव्हती आणि पोरांनाही.

मग सिरोनं सांगून टाकलं. खेळ दोन महिने चालू होता. एकानं बिघाड करायचा, दुसऱ्यानं शोधायचा, तिसऱ्यानं वेळ मोजायची. बाई लवकर आल्या की तिघं गुपचूप बाहेर सटकायची, खेळ अर्धवट राहायचा आणि तार सुटलेलीच राहायची.

"मला का नाही सांगितलं?"

बोलली ती ब्रिसाच.

"आमचे जुने सर सगळं स्वतः नीट करायचे, बाई. फार हुशार होते. स्पर्धेत मोठ्यांना रेघेच्या पलीकडे उभं करतात, बोलायचंही नाही. आमची तार निघाली आणि आम्ही तिघं देवळातल्या पुतळ्यांसारखे उभे. कुठली तार हेच माहीत नव्हतं. सर पलीकडून नुसते रडत होते."

बाईंचा हात नकळत मुलिताकडे गेला.

"तुमच्या तुंब्यातली नळी कुणी हलवली तर तुम्ही त्याला खोलीबाहेर काढता," ती हळूच म्हणाली. "आम्हाला वाटलं, मुलिताचंही तसंच, हे तुम्हाला कळेल. पण तुमचा हात आधी जातो."

खरं होतं. ज्याचा तुंबा त्याचीच नळी, यावरून त्यांनी सख्ख्या भावाला सुनावलं होतं. बाईंनी काहीतरी गुरगुरून, ठीक आहे, चालू द्या, असं सांगितलं आणि सोमवारी तीनही नावं होती तीच कळवली. वॉल्तेरला काही सांगितलं नाही. तो न सांगताच हसला.

पुढच्या शनिवारी पोरं आली तेव्हा बाई कोपऱ्यात तुंबा नि गरम पाण्याचा थर्मास घेऊन बसल्या होत्या, चेहरा निर्विकार. मुलिता जागेवरच गोल गोल फिरू लागला. नावेलनं सिरोकडे पाहिलं, सिरोनं ब्रिसाकडे. तिघांनीही शपथा घेतल्या. तारा बघितल्या, डोळे बघितले. काही सापडेना. डाव्या चाकाच्या आतला पेच, एक पीळ फक्त सैल. बाईंना कोपऱ्यातूनसुद्धा दिसत होता.

ब्रिसाचा हात थांबला. ती सावकाश वळली आणि मिर्ताबाईंकडे डोळे बारीक करून बघू लागली.

बाईंनी तुंबा खाली ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.